बारा आठवड्यांनी कळणारं निदान

मेंदूच्या धमन्या जागोजागी आकसतात आणि काही आठवड्यांत आपसूक मोकळ्या होतात. या आजाराला आरसीव्हीएस (रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम) हे एकच नाव मिळालं ते २००७ साली. तोवर रुग्ण ज्या दाराने आला, त्यावरून नाव पडायचं. बाळंतपणानंतर झाला तर प्रसूतीनंतरची अँजिओपॅथी (रक्तवाहिन्यांचा विकार), सर्दीच्या औषधानंतर झाला तर औषधजन्य, अर्धशिशीवाल्याला झाला तर मायग्रेनचा स्पॅझम. मधे, १९९३ मध्ये, ‘बिनाईन’ असंही एक नाव आलं. यात काहींना पक्षाघात होतो, मेंदूच्या पृष्ठभागावर रक्तस्राव होतो; त्याला सौम्य म्हणणं जरा धाडसाचंच होतं.

खरा घोळ १९८८चा. या आकुंचनाचं गाजलेलं वर्णन त्या वर्षी छापून आलं आणि त्याच वर्षी मेंदूतल्या व्हॅस्क्युलायटिसचे, म्हणजे धमन्यांच्या दाहाचे, निकषही. त्या निकषांत बायॉप्सीऐवजी अँजिओग्रामचा, म्हणजे धमन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रे चित्राचा, पुरावाही चालत होता. अँजिओग्राफी १९२७पासूनची, पण तिच्यात दिसते ती फक्त आतली पोकळी. मण्यांच्या माळेसारखी फुगीर-चिंचोळी धमनी दोन्ही आजारांत दिसते. त्यामुळे मिनिटभरात टिपेला पोचणारी डोकेदुखी घेऊन आलेल्या अनेकांवर दाहाचा शिक्का बसला आणि स्टिरॉइड सुरू झाली. स्टिरॉइडने बरं वाटण्याऐवजी प्रकृती बिघडू शकते, हे पुढे दिसलं.

२००७च्या निकषांनी घोळ निस्तरला, पण अट अशी घातली की आकुंचन बारा आठवड्यांत ओसरलेलं दिसायला हवं. म्हणजे निदान पक्कं होणार ते दुखणं गेल्यावर. रुग्ण मात्र आज समोर खाटेवर आहे. माझ्या मते पुढच्या इमेजिंगची धडपड या एका अटीशीच झुंजत आली आहे. त्यात पहिल्या आठवड्यातला अँजिओग्राम चक्क नॉर्मल येऊ शकतो: आकुंचन टोकाकडच्या बारीक फांद्यांत सुरू होऊन मोठ्या धमन्यांकडे सरकतं.

व्हेसल वॉल एमआरआयने पोकळी सोडून भिंतीकडे पाहिलं. वाहत्या रक्ताचा सिग्नल दाबला की रक्त काळं पडतं आणि भिंत उठून दिसते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, चित्रात उजळणारं द्रव्य) दिल्यावर दाहात ती बहुधा गोल कड्यासारखी उजळते. आरसीव्हीएसमध्ये जाड दिसली तरी उजळत नाही किंवा जेमतेम उजळते. हे ‘जेमतेम’च वाचताना अडवतं, म्हणून बारा आठवड्यांनंतरचा स्कॅन अजून सुटलेला नाही.