अंगठ्याच्या एका ओढीत चार खटके

“रिव्हॉल्वर झाडलं की त्या धक्क्यानंच आतलं चक्र पुढं सरकतं,” असं परवा एका मित्रानं ठासून सांगितलं. मित्र मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळं बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या. मला मात्र राहवेना. झाडल्याच्या धक्क्यावर चालतं ते ऑटोमॅटिक पिस्तुल. रिव्हॉल्वरचं चक्र माणसाच्या बोटाच्या ताकदीवर फिरतं. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात वेब्ली-फॉसबेरी नावाचं, खरोखरच धक्क्यानं चक्र फिरवणारं रिव्हॉल्वर निघालं होतं, पण तो अपवाद.)

दिवाळीत टिकल्यांची गोल रिंग बसवून आपण जे खेळण्यातलं रिव्हॉल्वर उडवतो ते आठवा. चाप दाबत गेलं की रिंग सरकते, घोडा मागं जातो आणि सुटून टिकलीवर आदळतो. घोडा ताणणं आणि सोडणं ही दोन्ही कामं चापच करतो, म्हणून ही रचना ‘डबल ॲक्शन’. त्याआधीची, जुनी रचना म्हणजे ‘सिंगल ॲक्शन’. तिच्यात चापाचा चक्राशी संबंधच नसतो. ताणून धरलेला घोडा सोडून देणं एवढं एकच काम चापाकडं. बाकी सगळं अंगठा करतो.

गेल्या वर्षी ॲरिझोनात भाच्याकडं गेलो होतो. त्याचे शेजारी निवृत्त गृहस्थ, जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्वरांचे संग्राहक आणि नेमबाज. त्यांनी टेबलावर हिरवं कापड अंथरलं, कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या १८७३ च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ मॉडेलची इटलीत बनलेली प्रतिकृती काढली, चक्रातली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं. “डोळे मिटून घोडा सावकाश मागं ओढा,” म्हणाले. ओढला. खट्. खट्. जरा थांबून पुन्हा खट्. आणि शेवटचा, जरा जड आवाजाचा खट्. त्या चार खटक्यांत काय काय घडतं हे त्यांनी आतले भाग सुटे करून दाखवलं, आणि माझी ती दुपार तिथंच गेली.

चक्रात सहा घरं. म्हणजे दर वेळी चक्र बरोबर ६० अंश फिरायला हवं आणि तिथंच गच्च अडकायला हवं. चक्राच्या पाठीला करवतीसारखे सहा दाते असतात. घोड्याला एक बारीक पोलादी पट्टी जोडलेली असते. घोडा मागं गेला की पट्टी वर सरकते आणि दात्याला ढकलते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये दाते पकडणारी जीभ असते, तिचीच ही बहीण. फरक एवढाच, की सायकलची जीभ कुठंही अडकली तरी चालतं, इथं घर आणि नळी एका रेषेत यायलाच हवं. घराचा मध्य चक्राच्या मध्यापासून साधारण १४ मिलिमीटरवर असतो. एका अंशाची चूक म्हणजे पाव मिलिमीटरची चूक. तेवढ्यानंही शिशाची गोळी नळीच्या तोंडाशी घासून तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

आता ही पट्टी नीट पाहिली तर तिला एक नाही, दोन टोकं आहेत, एकाखाली एक. का? दाता गोलात फिरतो, पट्टी मात्र जवळजवळ सरळ वर जाते. थोडं अंतर दोघं बरोबर चालतात, मग दाता वळून बाजूला जायला लागतो आणि वरच्या टोकाची पकड सुटत जाते. ती पूर्ण सुटायच्या आत खालचं टोक पुढच्या दात्याला भिडतं आणि उरलेला फेरा पुरा करतं. धावण्याच्या रिलेत एकाचा हात सुटायच्या आधी दुसऱ्यानं काठी धरावी तसं. ही दोन टोकं ज्यानं पहिल्यांदा कानशीनं घासून जुळवली त्या कारागिराला माझा नमस्कार.

पण चक्र नुसतं फिरवून भागत नाही, त्याआधी ते सोडवावं लागतं. चक्राच्या बाहेरच्या अंगाला सहा खाचा आहेत आणि खालून एक खुंटी येऊन त्यातल्या एकीत बसलेली असते. घोड्याच्या कुशीला एक छोटा उंचवटा आहे. घोडा हलला की उंचवटा खुंटीची मागची शेपटी उचलतो, तशी तरफेसारखी पुढची खुंटी खाली जाते आणि चक्र मोकळं होतं. मगच पट्टी दात्याला ढकलते. पुढं शेपटी उंचवट्यावरून निसटते, स्प्रिंगच्या जोरावर खुंटी पुन्हा वर येते, चक्राला टेकते आणि समोरून येणाऱ्या खाचेत घसरत जाऊन बसते.

म्हणजे पहिला खटका चापाचं टोक घोड्याच्या पहिल्या खाचेवरून गेल्याचा. दुसरा अर्ध्या ताणाचा. इथं चक्र हातानं फिरतं, बाजूची झडप उघडून काडतुसं भरतात ती याच टप्प्यावर. तिसरा खुंटी परतल्याचा, चौथा पूर्ण ताणाचा. तिसरा खटका लवकर आला किंवा चौथ्यानंतरही चक्र डुगडुगलं, तर जाणकार माणूस रिव्हॉल्वर न उघडता काय झिजलंय ते सांगतो. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात ना, तसं.

कोल्ट कंपनीचा संस्थापक सॅम्युअल कोल्ट १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, बोस्टनहून ‘कोर्व्हो’ जहाजावर निघाला तो कलकत्त्याला. त्या सफरीत त्यानं फिरत्या चक्राचा लाकडी नमुना कोरला. त्याचे लाकडी तुकडे अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या संग्रहालयात आहेत. पेटंट १८३६ चं. मागून काडतूस भरायची आरपार भोकं पाडलेल्या चक्राचं पेटंट मात्र रोलिन व्हाइट या दुसऱ्या अमेरिकन बंदूक-कारागिराकडं होतं. ते १८६९ मध्ये संपलं आणि कोल्टच्या कारखान्यात १८७३ चं मॉडेल तयार झालं.

या रिव्हॉल्वरच्या मुठीविषयीही सांगायला हवं. अमेरिकन नेमबाज तिला नांगराची मूठ म्हणतात, आपण रुमणं म्हणू. गोळी सुमारे साडेसोळा ग्रॅमची, वेग सेकंदाला २६० मीटरच्या आसपास, रिव्हॉल्वर किलोभर. न्यूटनच्या नियमानं रिव्हॉल्वर सेकंदाला चारेक मीटरच्या वेगानं मागं येतं, दारूच्या वायूंचा धक्का धरला तर जरा जास्तच. पण मूठ गोलसर असल्यानं ते सरळ तळहातावर आदळत नाही, हातात वळतं आणि नळी वर उठते. घोडा आपसूक अंगठ्यापाशी येतो.

याच आकड्यांनी सिनेमातलं एक खूळही निकालात निघतं. गोळी लागलेला माणूस हवेत उडून काचेतून मागं पडतो, हे खोटं आहे. तोच संवेग ७० किलोच्या माणसाला दिला तर वेग येतो सेकंदाला सहा सेंटिमीटर! गोळी माणसाला मारते ती शरीर फाडून, ढकलून नव्हे. तसंच एखाद्या जुन्या शस्त्राला ‘रक्ताची चटक’ लागल्याच्या कहाण्या. शस्त्राला चटक लागत नाही, गंज लागतो. लिलावात अशा कहाण्यांवर किंमत चढते, म्हणून संग्राहकांनी क्रमांक, शिक्के, कारखान्याची नोंद पाहावी आणि कहाणीला एक पैसाही देऊ नये.

एक दोष मात्र या सुंदर यंत्रात खरोखर होता. घोड्याची टोकदार अणी खाली आलेली असताना थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. रिव्हॉल्वर घोड्यावर पडलं की बार उडू शकतो. म्हणून जाणते लोक सहात पाचच भरतात: एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि हळू खाली आणा. रिकामं घर बरोबर अणीखाली येतं. यावर यांत्रिक उपाय रूगर कंपनीनं १९७३ मध्ये केला. तिच्या रिव्हॉल्वरांत घोडा आणि अणी आधीपासूनच वेगळे होते, आता चाप ओढलेला असेल तरच दोघांमध्ये येणारी एक पट्टी बसवली. चाप मोकळा, तर घोड्याचा घाव अणीपर्यंत पोचतच नाही.

निघताना त्या गृहस्थांनी दोन रिव्हॉल्वरं शेजारी ठेवली. एकाच्या चक्राभोवती खाचांना जोडणारी चकचकीत रेघ उमटली होती. घोडा अर्ध्या ताणावरूनच खाली सोडला की खुंटी खाच सोडून भलत्याच जागी वर येते आणि पुढच्या फेऱ्यात चक्रावर घासत जाते, तिची ती खूण. दुसरं त्यांनी स्वतः तीस वर्षं वापरलेलं. शेकडो वेळा भरून झाडलेलं, मुठीचं लाकूड अंगठ्याखाली गुळगुळीत झालेलं. पण एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतची निळसर काळी झळाळी जशीच्या तशी होती.