लेण्यांपुढचा ट्रायपॉड: आपल्याकडच्या वास्तू-छायाचित्रणाची पार्श्वभूमी

वेरूळला कैलास लेण्याचे फोटो काढायला गेलेला माणूस, हौशी असो की धंदेवाईक, शेवटी बाजूच्या डोंगरावर चढतोच. काठावर उभं राहून खाली बघायचं, शिखर मध्यावर घ्यायचं, मागची उभी कापलेली कडा चौकटीत बसवायची आणि बटण दाबायचं. मी हा फोटो काढला आहे आणि पुन्हा गेलो तर पुन्हा काढीन. अशा ठरून गेलेल्या जागा प्रत्येक गाजलेल्या वास्तूपुढे असतात. विजापूरच्या गोलघुमटापुढे आहे, अजिंठ्याच्या नालेच्या आकाराच्या दरीसमोर आहे, बोरीबंदरच्या स्टेशनसमोरच्या फुटपाथवरही आहे. आपण त्या स्वतः शोधल्या असं आपल्याला वाटतं. माझा अंदाज असा की त्यातल्या बऱ्याच जागा दीडशे वर्षांपूर्वी, अवजड लाकडी कॅमेरा कुठे टेकवता येतो आणि जवळ पाणी कुठे मिळतं यावरून ठरल्या. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतर आली.

पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली १८३९ साली, आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत कॅमेऱ्याच्या जाहिराती येऊ लागल्या. पण संघटितपणे कामाला लागली ती मुंबई. ऑक्टोबर १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ती देशातली पहिली; कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या १८५६च्या. कॅप्टन हॅरी बार अध्यक्ष होते. सोसायटीच्या कारभारी मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचा हा माणूस मुंबईत येऊन डॉक्टर झाला, शिलालेख वाचू लागला, आणि कॅमेऱ्यातही त्याने रस घेतला. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी तर स्वतःच फोटो काढत. १८५७ साली बंगालच्या सोसायटीपुढे त्यांचे ३० फोटो मांडले गेले होते.

डॉक्टरच का, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. सिल्व्हर नायट्रेट त्या काळी दवाखान्याच्या फळीवर असायचंच, जखमा डागायला ते वापरत. काचेच्या निगेटिव्हसाठी लागणारं कलोडियन हे चिकट द्रवही जखमेवर पातळ पापुद्रा धरावा म्हणून आधी वैद्यकात आलं होतं. ज्याला ही द्रव्यं हाताळायची सवय, त्याला निम्मी फोटोग्राफी येतच होती. बाकीच्यांसाठी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथून शिकून निघालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. फोटोग्राफी ही साहेबाची कला, आपण ती फार उशिरा उचलली, असं सहज बोललं जातं. मुंबईपुरतं तरी ते खरं नाही.

आता वास्तूंकडे. कंपनी सरकारला जुन्या इमारतींच्या नोंदी हव्या होत्या आणि नकाशे-चित्रं काढणारे ड्राफ्ट्समन महाग पडत होते. काम सावकाश, खर्च भरमसाट. तेव्हा लंडनहून सूचना आली की चित्रकारांऐवजी कॅमेरा वापरून पाहा. मुंबई इलाख्याने १८५५ साली तोफखान्यातले कॅप्टन थॉमस बिग्ज यांना याच कामावर नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल असा त्यांचा फेरा झाला. वर्ष सरतं ना सरतं तोच त्यांना पलटणीत परत बोलावलं आणि त्यांच्या जागी डॉ. विल्यम पिगू आले. पुन्हा डॉक्टरच. पिगू १८५८ साली वारले आणि पुढचं काम ए. सी. बी. नील यांच्याकडे गेलं. या तिघांच्या फोटोंचे जाडजूड ग्रंथ लंडनमध्ये छापले गेले ते १८६६ साली, वास्तुकलेचे इतिहासकार फर्ग्युसन, मेडोज टेलर, होप अशांच्या मजकुरासह. अहमदाबादच्या ग्रंथाचा खर्च प्रेमचंद रायचंद यांनी उचलला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यातला थोडा पैसा असा दगडी जाळ्यांच्या फोटोंत मुरला. ग्रंथ हातात येईपर्यंत शेअरबाजार कोसळून मुंबईचे कितीतरी शेटजी धुऊन निघाले होते, ती गोष्ट वेगळी.

बिग्ज यांनी निगेटिव्हसाठी कागद वापरला, काच नाही. आज त्या कागदी निगेटिव्हच्या छपाया पाहिल्या तर दगडाचा पोत किंचित मऊ, कागदाच्या धाग्यांतून गाळून आल्यासारखा दिसतो. काचेवर रेष जास्त रेखीव येते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण कागद आधी तयार करून पेटीत भरून नेता येतो, फोटो काढल्यावर मुक्कामी जाऊन धुता येतो. बैलगाडीने दख्खन फिरणाऱ्याला हाच मोठा आधार.

काचेचा प्रकार म्हणजे निव्वळ धावपळ. तंबूच्या अंधारात काचेवर कलोडियन ओतायचं, काच चारी बाजूंनी कलती करून ते सारखं पसरवायचं, मग ती सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओलीच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत पळत येऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. त्यात कलोडियन विरघळवलेलं असतं ईथरमध्ये, आणि ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. खानदेशात एप्रिल-मे महिन्यात सावलीतलं तापमान ४० च्या वर जातं, मग बंद तंबूत काय होत असेल? थर पसरायच्या आधीच घट्ट होणार, काचेच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडणार, आणि माणूस ईथरच्या वाफेने गरगरणार. शिवाय एन्लार्जर, म्हणजे छोट्या निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणारं यंत्र, हाताशी नव्हतं. छपाई व्हायची ती निगेटिव्ह कागदाला चिकटवून, उन्हात ठेवून. मोठा फोटो हवा तर काचही तेवढीच मोठी, म्हणून कॅमेराही तेवढाच मोठा. हे सगळं डोंगरावर कोण चढवत होतं? हमाल, भिस्ती, गाडीवान. त्यांची नावं एकाही ग्रंथात नाहीत. काही फोटोंत खांबाशेजारी एक माणूस उभा असतो, वास्तूची उंची कळावी म्हणून उभा केलेला. बहुधा त्यांच्यातलाच कोणी.

अजिंठ्याची हकीकत यापेक्षा गुंतागुंतीची. मद्रास पलटणीतले रॉबर्ट गिल १८४४ साली तिथल्या भिंतीचित्रांच्या नकला करायला नेमले गेले आणि जवळजवळ आयुष्यभर त्याच मुलखात राहिले. पारोची आणि त्यांची प्रेमकहाणी मराठी वाचकाला सांगायला नको. अजिंठा गावात तिची कबर आहे, तिच्यावर १८५६ सालचा मे महिना कोरलेला आहे. त्याच सुमारास गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. त्यांनी निवडला तो दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा. निवड शहाणपणाची होती. काच लहान, म्हणून सामान आटोपशीर, आणि छोट्या भिंगाला प्रकाशही कमी वेळ लागतो. वर, दुहेरी फोटो दर्शकातून पाहिला की चैत्याचे खांब एकामागे एक उभे राहतात. लेण्याची खोली दाखवायला याहून सोपी युक्ती तेव्हा नव्हती. १८६४ साली गिल यांच्या ७४ स्टिरिओ फोटोंचं पुस्तक फर्ग्युसनच्या मजकुरासह निघालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी वास्तूंसोबत शिकारीतले प्राणीही घातले. लोणारचं दैत्यसूदनाचं मंदिरही त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटलं नाही. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्तिपट्ट्या त्यांनी टिपल्या आहेत.

मग भिंतीचित्रांचेच फोटो का घेतले नाहीत, नकला कशाला? अंधार हे एक कारण. पण खरी अडचण रंगांची होती. त्या काळच्या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश दिसायचा. निळं पांढरंफटक उमटायचं. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं असतं, ढग नसतात. तांबडं आणि गेरूचं काळं व्हायचं. अजिंठ्याचे चितारी तर गेरू, पिवडी, काजळी यांवरच जास्त विसंबलेले. पद्मपाणी बोधिसत्त्वाचा उजळ गव्हाळ देह काचेवर कोळशासारखा आला असता. त्यामुळे नकला चालूच राहिल्या आणि जळतही राहिल्या. गिल यांच्या बहुतेक नकला डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा सगळं रंगवलं, आणि त्यातलंही बरंच लंडनच्याच दुसऱ्या आगीत भस्म झालं. अजिंठ्याचे रंग फोटोच्या आधाराने छापायला विसावं शतक उजाडावं लागलं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९३० पासून चार भागांत ते काम केलं. तोवर भिंतींवर इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी १९२०-२२ मध्ये लाखेचा थर दिला होता. त्याने रंग धरून राहिले, पण पुढे तो पिवळा पडला. आज अजिंठ्याला जो मधाळ पिवळेपणा फोटोत येतो, तो सगळाच मूळ चितार्‍याचा नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा समतोल, लावताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१८८० नंतर कोरड्या काचा बाजारात आल्या आणि तंबू सुटला. लाला दीनदयाळ यांचा काळ तो. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी, बाजूला फोटोंची हौस, मग इंग्रज अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचा दौरा, पुढे निजामाचे दरबारी फोटोग्राफर आणि १८९०च्या दशकात मुंबईच्या फोर्टात मोठा स्टुडिओ. धंदा आणि कला यांची सांगड त्यांच्याइतकी कोणाला साधली नाही. दुसरीकडे पुरातत्त्व खात्यात हेन्री कझिन्स वर्षानुवर्षं दख्खनची मंदिरं टिपत होते. कझिन्स यांचे फोटो रूक्ष आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात. समोरून एक, बाजूने एक, दाराची चौकट जवळून, संपलं. कुठे भिंत ढासळली, कुठला कोनाडा रिकामा, सगळं स्वच्छ दिसतं. दीनदयाळांच्या फोटोसमोर आपण वाहवा म्हणतो. एखाद्या मंदिराचा जीर्णोद्धार करताना मात्र कझिन्सच उघडावे लागतात.

सर्वसामान्य घरांत वास्तू शिरली ती बरीच नंतर, पोस्टकार्डांतून आणि मग सहलीतल्या फोटोंतून. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री अनेक मराठी घरांतला पहिला कॅमेरा. एका रोलात १२ फोटो, म्हणून गोलघुमटाला एकच मिळायचा आणि त्यातही पुढे आत्या, काका आणि थर्मास. गेटवे ऑफ इंडियाला १९२४ साली दार उघडल्यापासून गर्दी आहे, आणि तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून उभ्या राहणाऱ्या फोटोग्राफरांनी गावाकडून आलेल्या कितीतरी कुटुंबांना मुंबई पाहिल्याचा कागदी पुरावा करून दिला. त्यांच्याकडून एक धडा घेण्यासारखा आहे: कमान पूर्ण येईल आणि माणसांचे चेहरेही ओळखू येतील, अशी नेमकी जागा त्यांना फरशी बघून ठाऊक असते.

आपल्या किल्ल्यांच्या वाट्याला मात्र एकोणिसाव्या शतकात कॅमेरा फारसा आला नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक गडांचे मार्ग आणि दरवाजे मुद्दाम उडवले होते. त्यांना तिथे शैलीदार वास्तुकला दिसत नव्हती आणि काचेच्या पेट्या गडावर चढवायचा उत्साहही नव्हता. ही उणीव विसाव्या शतकात पायी फिरणाऱ्यांनी भरून काढली. गो. नी. दांडेकर त्यांत ठळक. लेखणीबरोबर त्यांनी कॅमेराही गडोगडी वागवला. पण गडाचं एक दुखणं असं की जमिनीवरून त्याचा आकार कळत नाही. राजगडाच्या तीन माच्या एका चौकटीत आणायच्या तर आकाशातच जायला हवं. नौदलातले गोपाळ बोधे यांनी आणि पुढे उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोंनी लोकांना प्रथमच कळलं की सिंधुदुर्गाचा तट किती वेडावाकडा वळतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. आता ड्रोनवाल्यांची रीघ लागली आहे. त्यातले बहुतेक सूर्यास्ताच्या वेळी उडवतात. तटाची मोडतोड नोंदवायची तर सकाळी नऊचं तिरपं ऊन घ्यावं, प्रत्येक बुरूज सुटा दिसतो.

प्रकाशाचा हिशेब तेवढा तेव्हापासून बदललेला नाही. कार्ल्याचं चैत्य पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तिथे दुपारनंतर जावं. घारापुरीचा सदाशिव दक्षिणेच्या भिंतीत, उत्तरेकडे तोंड करून. त्याच्यावर थेट ऊन येतच नाही, अंगणातून परतून येणारा उजेड तेवढा मिळतो, आणि त्यासाठी शटर लांबवावं, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. शटर लांबवायचं म्हणजे ट्रायपॉड आला. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व सर्वेक्षणाची वेगळी परवानगी लागते. ज्या खात्याच्या कितीतरी जुन्या नोंदी ट्रायपॉडवरच्या फोटोंनी झाल्या, तिथे आज तीन पाय दिसले की रखवालदार शिट्टी मारतो. नियमाला कारणं आहेत: गर्दी, फरशा, व्यावसायिक चित्रीकरण. तेव्हा घारापुरीसाठी मुंबईच्या आणि वेरूळ-अजिंठ्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या मंडल कार्यालयात अर्ज वेळेत टाकावा, दिवस आणि वेळ स्पष्ट लिहावी, आणि घारापुरीला जायचं असेल तर सोमवार टाळावा, लेणी बंद असतात.