बटेव्हिया वीजघर

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या पश्चिमेला, फॉक्स नदीकाठी उभारलेले कोळशावरचे वीजनिर्मिती केंद्र. ‘ऑरोरा, एल्जिन अँड शिकागो’ ही आंतरनगरी विद्युत रेल्वे १९०२ साली त्याच्या बळावर धावू लागली. त्या काळी लहान गावांतल्या वीज कंपन्या मुख्यतः दिवाबत्तीपुरत्या असत. जड गाडी सुटताना एकदम पडणारा भार त्यांना पेलवणारा नव्हता. त्यामुळे अशा रेल्वेला रुळांबरोबर वीजघरही स्वतःच बांधावे लागे.

जागा नदीकाठची निवडण्याचे कारण उघड आहे. बॉयलरला पाणी लागतेच. पण काम करून आलेली वाफ थंड करायला त्याच्या कितीतरी पट पाणी लागते.

डब्यांच्या मोटारींना ६०० व्होल्टचा एकदिश प्रवाह हवा असे. इतक्या कमी दाबाने वीज लांब नेली, तर तिचा मोठा वाटा तारा तापवण्यातच जातो. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीसाठी ही गळती चौथाईवर येते. म्हणून बटेव्हियाहून सुमारे २६,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा सतत उलटसुलट बदलणारा, प्रवाह निघे आणि मार्गावरच्या उपकेंद्रांत त्याचे रूपांतर होऊन तो गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळात जाई.

हे रूपांतर करणारा रोटरी कन्व्हर्टर हे त्या काळातले खरोखर देखणे यंत्र. फिरणारा गाभा एकच. त्याच्या एका टोकाला तांब्याची सलग कडी, त्यांतून प्रत्यावर्ती प्रवाह आत शिरतो. दुसऱ्या टोकाला तांब्याच्या सुट्या पट्ट्यांचे वर्तुळ, त्यावर टेकलेल्या कार्बनच्या ब्रशांतून एकदिश प्रवाह बाहेर पडतो. वारंवारता जास्त असली की ब्रशांपाशी ठिणग्या उडत. म्हणून सेकंदाला २५ आवर्तनेच ठेवली होती. घरातले दिवे एवढ्या वारंवारतेवर लुकलुकतात, पण रेल्वेला ती मानवली.

मोठी केंद्रे उभी राहिल्यावर स्वतंत्र रेल्वे वीजघरांचे महत्त्व ओसरले. रेल्वेने वीज विकत घ्यावी, असा आग्रह धरणारे शिकागोचे वीज उद्योजक सॅम्युएल इन्सल यांच्याकडेच १९२६ मध्ये या रेल्वेचा ताबा गेला. ३ जुलै १९५७ रोजी भरदुपारी प्रवासी गाड्या थांबवण्यात आल्या. सकाळी याच गाडीने शिकागोला कामावर गेलेल्यांना घरी परतायला गाडी उरली नाही. जुन्या रेल्वेवाटेवर आता ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही पायवाट आहे. तिचा एक फाटा आजही बटेव्हियाकडे, फॉक्स नदीच्या दिशेने उतरतो.