उपवाक्यांवरून इंग्रजी वाक्यांचे प्रकार

वाक्यात उपवाक्ये किती आहेत आणि त्यांचे एकमेकांशी नाते कोणते, यावरून इंग्रजी वाक्याचे केवल, संयुक्त आणि मिश्र, म्हणजे वर्गातील बोलीत सिम्पल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स, असे प्रकार पडतात. कर्ता आणि त्याचे काळ दाखवणारे क्रियापद ही उपवाक्याची खूण होय. वाक्याची लांबी येथे गैरलागू आहे. प्रकार ठरवताना आधी क्रियापदे मोजावीत, उभयान्वयी अव्ययांकडे नंतर वळावे.

सातारा जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या परिचयाच्या दोन नद्यांवरून हे स्पष्ट होते. ‘द कृष्णा अँड द कोयना मीट ॲट कराड’ या वाक्यात ‘अँड’ असूनही ते केवल वाक्य आहे, कारण ते अव्यय येथे फक्त दोन नामे जोडते. ‘द कोयना राइझेस निअर महाबळेश्वर, अँड इट मीट्स द कृष्णा ॲट कराड’ यात दोन समान दर्जाची प्रधान वाक्ये, म्हणजे स्वतंत्रपणे उभी राहू शकणारी उपवाक्ये, असल्याने ते संयुक्त ठरते. यातील ‘इट’ गाळले, तर काही व्याकरणकार त्याला संयुक्तच मानतात आणि काही एका कर्त्याची दोन विधेये असलेले केवल वाक्य म्हणतात. ‘द कोयना, व्हिच राइझेस निअर महाबळेश्वर, मीट्स द कृष्णा ॲट कराड’ हे मात्र निःसंशय मिश्र वाक्य आहे. त्यातील ‘व्हिच’ने सुरू होणारे गौण वाक्य, म्हणजे प्रधान वाक्यावर अवलंबून असलेले उपवाक्य, विशेषणाचे काम करते. ‘व्हिच राइझेस’ऐवजी ‘राइझिंग’ हे धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेले पण काळ न दाखवणारे रूप, योजले, की अर्थ तोच राहूनही वाक्य पुन्हा केवल होते.

गौण वाक्ये नाम, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांचे कार्य करतात. ‘आय नो ही लिव्ह्ज इन सातारा’ यात ‘दॅट’ अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेला, आहे, तरी दुसरे उपवाक्य ‘नो’चे कर्म असल्याने वाक्य मिश्रच राहते. ‘व्हेन द रेन्स कम, द कोयना स्वेल्स अँड द डॅम फिल्स’ यात दोन प्रधान वाक्यांसोबत एक गौण वाक्य येते; अशा वाक्याला संयुक्त-मिश्र म्हणतात.

मराठीभाषक विद्यार्थ्याची खरी अडचण ‘जरी–तरी’ या जोडीमुळे होते. तिच्या वळणाने तो ‘दो ही इज टायर्ड, बट ही वर्क्स’ असे लिहितो. इंग्रजीत ‘दो’ (जरी) ठेवल्यास वाक्य मिश्र होते आणि ‘बट’ ठेवल्यास संयुक्त. प्रमाण इंग्रजीत ही दोन्ही अव्यये अशी जोडीने येत नाहीत.