रेडिओपुढे बसलेले गाव

१९५६ च्या सुरुवातीला पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांमध्ये आठवड्यातून दोनदा वीसेक माणसांचे श्रोतामंडळ रेडिओसमोर जमू लागले. कार्यक्रम अर्ध्या तासाचा असे आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तो खास त्यांच्यासाठी प्रसारित होई. कार्यक्रम संपला की संच बंद होई, पण मंडळी उठत नसत. ऐकलेले आपल्या गावाला कितपत लागू पडते, याची चर्चा तिथेच सुरू होई. बोलण्यात काय ठरले, कुठे मतभेद झाले, कोणती शंका राहिली हे मंडळाचा चिटणीस लिहून काढी आणि तो कागद केंद्राकडे पाठवी. त्यातल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत रेडिओवरून उत्तरे मिळत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. शेती, जनावरे, आरोग्य, साक्षरता, गावाचा कारभार असे त्यांचे विषय होते.

आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून केलेला हा प्रयोग होता. कल्पना कॅनडातून आलेली होती. तिथे १९४१ पासून शेजारपाजारची शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात एकमेकांच्या घरी जमून रेडिओवरचा शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करून आपले म्हणणे कळवत असत. महाराष्ट्रात ही कल्पना रुजेल का, हा प्रश्न होताच. पण त्याहून मूलभूत प्रश्न असा होता की, रेडिओमुळे माणसाच्या माहितीत आणि वागण्यात खरोखर काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर तो मोजायचा कसा?

मोजण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आले आणि त्याची आखणी पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाने केली. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे, तत्त्वज्ञ ऑटो नॉयराथ यांचे चिरंजीव. नाझी राजवटीत डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्या भोगून ते अमेरिकेत पोहोचले होते. एखाद्या राजवटीच्या हाती प्रचाराची सगळी साधने गेली की काय होते, हे ज्याने प्रत्यक्ष पाहिले होते, तोच माणूस आता साताऱ्या-कोल्हापुराकडच्या खेड्यांत रेडिओचा परिणाम शांतपणे मोजायला बसला होता.

त्यांची पद्धत आजही विद्यार्थ्यांना शिकवावी इतकी स्वच्छ आहे. समजा, दहा आठवड्यांच्या अखेरीस श्रोतामंडळातल्या लोकांची माहिती वाढलेली आढळली, तरी ती रेडिओमुळेच वाढली असे म्हणता येत नाही. ते दिवस सामूहिक विकास योजनेचे होते. ग्रामसेवक गावोगाव फिरत होते, हंगाम बदलत होता, बाजारात नव्या वस्तू येत होत्या. म्हणून तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली गेली: एका प्रकारात रेडिओ होता पण श्रोतामंडळ नव्हते, आणि दुसऱ्यात रेडिओही नव्हता. तिन्ही प्रकारच्या गावांत कार्यक्रमांपूर्वी आणि कार्यक्रमांनंतर मुलाखती घेऊन, ज्या विषयांवर प्रसारण होणार होते त्यांची माहिती तपासली गेली. ग्रामसेवकाच्या फेरीचा किंवा हंगामाचा जो काही परिणाम व्हायचा तो तिन्हीकडे सारखाच होणार, तेव्हा उरलेला फरक हा रेडिओचा किंवा मंडळाचा.

मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. मंडळ नसलेल्या गावांत ती जवळजवळ वाढलीच नाही, आणि तिथे रेडिओ असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही.

माझ्या मते भारतातल्या माध्यमांविषयीच्या संशोधनातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि त्याच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. चावडीवर सरकारी संच आहे, त्याचा आवाज पारापर्यंत पोहोचतो आहे, कार्यक्रम लोकांच्या भाषेत आणि कामाच्या विषयावर आहे, आणि तरीही दहा आठवड्यांनी हाती फारसे काही लागत नाही. तोच कार्यक्रम वीस माणसे ठरवून एकत्र ऐकतात आणि त्यावर बोलतात, तेव्हा मात्र चित्र पालटते. पुढचा भाग तर अपेक्षेपलीकडचा होता. काही गावांत ही मंडळे ग्रामपंचायत आणि गावसभा यांच्या मधोमध कुठेतरी बसणारी संस्थाच बनली. त्यांच्या पुढाकाराने विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, विक्री संस्था आणि बालवाड्या निघाल्या.

या निष्कर्षावर आक्षेप घेता येतात आणि ते घ्यायलाच हवेत. मंडळाचे सभासद निवडलेले होते, त्यामुळे मुळातच उत्साही माणसे तिथे जास्त असण्याची शक्यता होती. शिवाय आपण एका प्रयोगात आहोत आणि पुन्हा कोणी विचारायला येणार आहे, ही जाणीवही माणसाला जागरूक ठेवते. पण हे आक्षेप मान्य केले तरी मंडळाविना रेडिओ असलेल्या गावांचा निकाल बदलत नाही. तिथे रेडिओच्या लहरी पोहोचल्या होत्या, बदल पोहोचला नव्हता.

रेडिओच्या पोहोचण्याचे शास्त्र इथे थोडक्यात सांगायला हवे. मध्यमलहरींवरचे प्रक्षेपण जमिनीलगत पसरत जाते आणि एकदा लहर बाहेर पडली की ती शंभर संचांनी पकडली काय आणि लाख संचांनी पकडली काय, प्रक्षेपकाचा खर्च तेवढाच राहतो. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीला कागद लागतो आणि ती वाहून न्यावी लागते. रेडिओच्या प्रत्येक नव्या श्रोत्याला मात्र केंद्राकडून काहीच जास्तीचे लागत नाही. अडचण असे ती गावातल्या संचाची. वीज नसलेल्या गावांत हे व्हॉल्व्हचे संच कोरड्या बॅटरीवर चालत, आणि व्हॉल्व्ह तापवण्यासाठी कमी दाबाची एक आणि त्यांतून विद्युतप्रवाह खेळवण्यासाठी सुमारे ९० व्होल्टची दुसरी, अशा दोन तऱ्हेच्या पुरवठ्याची त्यांना गरज असे. बॅटरी उतरली की नवी येईपर्यंत गावाचा रेडिओ मुका.

इंग्रजीत प्रसारणाला जो ब्रॉडकास्ट शब्द आहे, तो मुळात शेतीतला आहे: मूठ भरून बी रानात फोकून देणे. पाभरीने पेरलेले बी ओळीत, ठरावीक खोलीवर, ओलीत पडते. फोकलेले बी पडेल तिथे पडते, पाखरे टिपतात, आणि वर पडून राहिलेले वाळून जाते. फोकल्यानंतर ते मातीआड करावे लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुण्याच्या प्रयोगात मातीआड करण्याचे ते काम मंडळाने केले.

मंडळाने नेमके काय साधते, याचे उत्तर त्याआधीच्या एका प्रयोगात मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगल्या मांसाची टंचाई होती, आणि गृहिणींनी काळीज, मूत्रपिंड असे एरवी टाळले जाणारे भाग शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने काही गटांना त्याविषयी उत्तम व्याख्यान ऐकवले, तर काही गटांना तीच माहिती देऊन आपापसांत चर्चा करायला लावली आणि शेवटी कोण करून पाहणार ते हात वर करून सांगायला लावले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी, आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तसा एखादा पदार्थ केला होता. चार माणसांत बोललेला शब्द माणसाला बांधतो. शिवाय चर्चेत ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत मांडावी लागते, त्यामुळे ती लक्षात राहते. आणि काळ्या रानाला लागू असलेली सूचना आपल्या मुरमाड माळावर चालणार नाही, हे कोणीतरी बोलून दाखवतो, त्यामुळे ती वापरण्याजोगी होते.

माध्यमांविषयीची जुनी समजूत याच्या अगदी उलट होती. पहिल्या महायुद्धातील प्रचाराने धास्तावलेल्या अनेकांना वाटे की, वृत्तपत्र किंवा रेडिओ बंदुकीच्या गोळीसारखा थेट मनात शिरतो आणि ऐकणारा निमूटपणे तसे वागतो. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून त्यांच्या मताचा प्रवास नोंदवला. प्रचारामुळे पक्ष बदललेले लोक अगदी थोडे निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले होते. आणि मत कशाने बनले असे विचारल्यावर लोक रेडिओ-वर्तमानपत्रापेक्षा ओळखीच्या माणसांची नावे अधिक घेत होते. माध्यमाकडून आधी काही मोजक्या लक्ष ठेवणाऱ्या माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे, असा हा दोन टप्प्यांचा प्रवाह. पुढे इलिनॉय राज्यातील डिकेटर गावात ८०० स्त्रियांच्या अभ्यासात दिसले की, ही पुढाकार घेणारी माणसे सर्व विषयांना एकच नसतात, आणि ती बहुधा आपल्याच थरातली असतात. बियाण्याविषयी आपण ज्याला विचारतो, त्यालाच मताविषयी विचारतो असे नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, कारण आपली वृत्तपत्रेच मुळी या वाटेने वाढली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा, आणि १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हाही, अक्षरओळख असलेली माणसे फार थोडी होती. तरी ही पत्रे आपल्या वर्गणीदारांच्या कितीतरी पटींनी अधिक लोकांपर्यंत पोहोचली, कारण एक जण वाचून दाखवी आणि भोवती बसलेले ऐकत, मधेच थांबवून विचारत, वाद घालत. वर्तमानपत्र हे एकट्याने, मनातल्या मनात वाचण्याचे साधन आहे, ही आपली कल्पना बरीच अलीकडची आहे.

पुण्याच्या प्रयोगानंतर १९५९ मध्ये ही मंडळे देशभर काढण्याची योजना आली. पण मंडळ हे यंत्र नव्हे. ते चालवायला चांगला चिटणीस, वेळेवर उत्तर देणारे केंद्र आणि पाठपुरावा करणारी माणसे लागतात, आणि संख्या वाढली म्हणून ती आपोआप वाढत नाहीत. त्यातच ट्रान्झिस्टर आला. त्याला व्हॉल्व्हसारखे तापवावे लागत नाही आणि तो टॉर्चच्या सेलवर चालतो, त्यामुळे रेडिओ चावडीवरून उठून बैलगाडीत आणि बांधावर गेला. ही मोठी सोय होती, यात शंका नाही. पण तिच्याबरोबर एकत्र ऐकणेही विरळ होत गेले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने नासाच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, जाळीच्या साध्या तबकडी-अँटेनांवर दूरचित्रवाणी पोहोचवली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. अभियांत्रिकी म्हणून तो उपक्रम आजही अभिमान वाटावा असा आहे, मात्र गावातून केंद्राकडे परत जाणारी नियमित वाट त्यात पुण्याच्या प्रयोगाइतकी घट्ट बांधलेली नव्हती.

आज प्रत्येकाच्या हातात माध्यम आहे आणि परतीची वाटही आहे. मग १९५६ चे मंडळ आता मोबाइलमध्येच आले, असे म्हणावे का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि भिक्षा मागत तिथे पोहोचले होते. अशा अफवा त्या काळात देशात अनेक ठिकाणी मोबाइलवरून फिरत होत्या. तो संदेश कोणा अनोळखी प्रचारकाकडून येत नव्हता. तो मामाकडून, शेजाऱ्याकडून, शाळेतल्या मित्राकडून येत होता. म्हणजे दुसरा टप्पा, ज्याची ताकद लाझार्सफेल्डने ओळखली होती, तो पुरेपूर काम करत होता. उणीव होती ती एवढीच की, संदेश पुढे जाण्याआधी तो समोरासमोर वाचला जाऊन, हे कोणी पाहिले, कोणत्या गावात घडले, असे विचारणारे कोणी नव्हते. विश्वास प्रवास करत होता, प्रश्न प्रवास करत नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली. यामागचे गणित साथीच्या रोगाचे आहे. संदेश मिळालेली प्रत्येक व्यक्ती तो सरासरी एकाहून अधिक नव्या माणसांना पोहोचवत असेल, तर तो फुगत जातो. सरासरी एकाखाली आली की विझत जातो. मर्यादेने वेग कमी होतो. पण विचारणारा माणूस मर्यादेतून निर्माण होत नाही.

तसा माणूस तयार करण्याचे प्रयत्न मला छोट्या केंद्रांत दिसतात. २००६ च्या धोरणामुळे स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. त्याचा प्रक्षेपक साधारण १०० वॅटपर्यंतचा असतो आणि आवाज भोवतीच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूतच ऐकू येतो. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील म्हसवड येथे असे एक केंद्र ‘माणदेशी तरंग वाहिनी’ या नावाने चालते, आणि हा मुलूख १९५६ च्या पाच जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यातला आहे. तिथे बोलणारी बाई ऐकणारीच्या तालुक्यातली असते, दोघींना एकच दुष्काळ माहीत असतो, आणि कार्यक्रमातले एखादे म्हणणे पटले नाही, तर बाजाराच्या दिवशी ते तोंडावर सांगता येते.