रवांडात वेळ नव्हता, हे खरं नाही

१९९४ च्या रवांडातल्या वंशसंहाराबद्दल एक समज अजून पसरलेला आहे: सगळं इतक्या झटक्यात घडलं की अमेरिकेसारख्या महासत्तेलाही काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारीलाच न्यूयॉर्कला कळवलं होतं, की शस्त्रं लपवलेली आहेत आणि तुत्सींना (तिथल्या अल्पसंख्य वांशिक गटाला) मारण्याची तयारी चालू आहे. शस्त्रं जप्त करायची परवानगी त्यांना मिळाली नाही. ६ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि कत्तल सुरू झाली. त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्स आणि बेल्जियमचे सैनिक राजधानी किगालीत उतरले, पण ते परदेशी नागरिकांना बाहेर काढायला. म्हणजे सैन्य पोहोचू शकत होतं! मला तरी यापेक्षा ठळक पुरावा दिसत नाही.

नवं सैन्य पाठवावं का, हा प्रश्न तर पुढचा. सुमारे २,५०० शांतिसैनिक तिथे आधीपासून होते. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने तुकडी मागे घेतली आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने हे दल २७० वर आणायचं ठरवलं. अमेरिकेनेही त्याला मत दिलं. सोमालियात आदल्या ऑक्टोबरमध्ये गमावलेल्या १८ सैनिकांची धास्ती वॉशिंग्टनला होती, आणि ती समजण्यासारखी आहे. पण धास्ती वेगळी, अज्ञान वेगळं. जुलैपर्यंत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.