३७७ असताना गे नात्यावर सिनेमा काढणं गुन्हा होता का?

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की २०१८ आधी भारतात गे रिलेशनवर सिनेमा काढणं बेकायदेशीर होतं आणि ३७७, म्हणजे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं कलम, गेल्यावरच असे सिनेमे सुरू झाले. असं वाटणं साहजिक आहे, कायदा होताच ना. पण ते कलम काढून वाचा, त्यात शिक्षा होती ती कृतीला, ती पडद्यावर दाखवण्याबद्दल एक शब्द नाही. सिनेमाचा कायदा वेगळाच, १९५२ चा.

आता तारखा बघा. 'उंबरठा' १९८२ चा, त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचा भाग आहेच, आपल्यापैकी कित्येकांनी तो घरच्यांसोबत बघितलाय. 'माय ब्रदर निखिल' २००५ चा, गोव्यातला स्विमर, त्याचा पार्टनर, एचआयव्ही, सगळं सरळ थिएटरात लागलेलं.

स्वतः चेक करायचं तर सिनेमा सुरू व्हायच्या आधी ते सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ना, जे आपण पॉपकॉर्न सांभाळत बघतच नाही, तिथे पॉज करा, तारीख असते, यू (सगळ्यांसाठी) की ए (फक्त मोठ्यांसाठी) तेही असतं.

मग स्वतंत्र दिग्दर्शक अडायचा कुठे? मुख्यतः पैशात. प्रोड्युसर मिळत नाही, नट नाही म्हणतात, आणि ए मिळालं की सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे सॅटेलाइटचे, टीव्ही चॅनेलकडून हक्कांसाठी मिळणारे, पैसे गेले, आणि छोट्या बजेटला तर तोच मोठा आधार असायचा. सेन्सॉरच्या कट्सची कटकट होतीच, ती काय २०१८ नंतरही संपली नाही.